रकाना एक, तळ दोन

आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर २.४ मीटर. दोरीला बांधलेलं वजन, म्हणजे ओळंबा, सोडला तर ३.९. जागा तीच आणि कायाक, म्हणजे आमची अरुंद वल्ह्याची होडी, दोन्ही टोकांनी बांधलेली. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची खोली मोजून झाली, तक्ते गेले, तरी हे दोन आकडे डोक्यातून जात नाहीत.

काम ऐकायला सोपं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावावर आडव्या रेघा आखायच्या आणि दर दहा मीटरला थांबून खोली घ्यायची. मोटरबोट नको, कारण केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, मुळ्या पंख्यात गुंततात आणि पंख्यानं गाळ ढवळला की यंत्र आंधळं होतं. कायाक वीतभर पाण्यातही सरकते. केंदाळात मात्र नेहमीसारखं वल्हं मारायचं नाही. पातं उभं घालून गठ्ठा बाजूला रेटायचा, नाहीतर पात्यावर पाच किलो ओलं केंदाळ चढतं आणि तोल जातो. सकाळी साडेसहा ते दहा हीच कामाची वेळ. नंतर काठावरच्या शालिनी पॅलेसच्या अंगानं वारा सुटला की कायाक ठरत नाही.

खरी कसरत नांगराची. एकाच टोकाला नांगर टाकला तर कायाक घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, म्हणून पुढं एक आणि मागं एक. घडीचा लोखंडी नांगर गाळात रुततो, कपारीत तर कायमचा अडकतो. त्यावर युक्ती अशी: दोरी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता बुडाला बांधायची आणि वरच्या कडीशी फक्त प्लास्टिकच्या पट्टीनं अडकवायची. जोर लावला की पट्टी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. तरी ओढायचा तो टोकावरूनच. कायाकच्या कुशीतून ओढणारा माणूस पाण्यात जातो, आणि असे दरवर्षी एक-दोन भेटतातच. शेवटी आम्ही चार-चार किलो वाळूच्या पोत्या वापरल्या. अडकल्या तर दोरी कापायची, हळहळ नाही.

यंत्राचा आवाज सोडणारा डोळा पाण्याखाली १५ सेंटिमीटर असतो. तेवढे मिळवायला विसरलं की अख्खा तलाव १५ सेंटिमीटरनं उथळ होतो. रोज सुरुवातीला डोळ्याखाली बरोब्बर एक मीटरवर पत्र्याची थाळी टांगून पडद्यावर एक येतो का ते बघायचं. दोरीला खुणा करायच्या त्या ती रात्रभर भिजवून, ओझं लावून ताणल्यावरच. दुकानातून आणलेल्या कोरड्या दोरीवर मार्करनं रेघा ओढून आलेले सर्व्हेवाले पाहिलेत. त्यांच्या आकड्यांवर बोलायला नको.

एवढं सगळं करूनही दीड मीटरचा फरक. पहिला संशय गाळाचा. यंत्राचा बारीक आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो, पण दीड किलोचा ओळंबा त्यातून खाली घुसतो. खात्रीसाठी दोरीला वीतभर रुंद चपटी थाळी लावून सोडली. थाळी मऊ गाळावर टेकते. ती २.५ वर थांबली. म्हणजे गाळच. ओळंबा वर काढला तेव्हा त्याच्यामागून बुडबुड्यांची माळ आली, कुजक्या अंड्याचा वास सुटला आणि पडद्यावर मिनिटभर नुसत्या उभ्या रेघा दिसत राहिल्या. वायू फुटला की थांबायचं, पाणी निवळल्यावर पुन्हा मोजायचं.

पुढच्या रेघेवर थाळीचं नेमकं उलटं झालं. यंत्र १.९, थाळी ३.३, ओळंबा ३.४. इथं गाळ नव्हताच. रंकाळा मूळचा दगडाची खाण, हे कोल्हापुरात पोरंही सांगतात, आणि खाणीचा तळ परातीसारखा नसतो, पायऱ्यांचा असतो. यंत्राचा आवाज शंकूसारखा पसरतो. शंकू २० अंशांचा धरला तर तीन मीटर खाली त्याचं वर्तुळ मीटरभर रुंद होतं. त्या वर्तुळात जे सगळ्यात जवळ असेल त्याचा प्रतिध्वनी आधी येतो. म्हणजे बाजूच्या कड्याचा माथाच यंत्र तळ म्हणून दाखवतं. काठावर गळ टाकून बसलेले एक मामा आमचा गोंधळ बघून म्हणाले, "तिथं पाथर हाय की. काय यंत्र लावताय!"

दोन्ही ठिकाणी यंत्र उथळ आणि ओळंबा खोल, कारणं मात्र वेगळी. हा फरक पैशाचा आहे. दहा बाय दहा मीटरच्या चौकटीत दीड मीटर गाळ म्हणजे १५० घनमीटर. डंपरला पाच घनमीटर धरले तर तीस खेपा. कड्याला गाळ समजलं तर नसलेल्या गाळाच्या तीस खेपा कागदावर तयार.

तिसरी जागा अजून सुटलेली नाही. वारा लवकर उठला, मागची पोती घसरली, आणि थाळी तीनदा सोडली तर २.२, ३.१, २.६. गाळही असेल, कडाही असेल. जीपीएसवर भरवसा ठेवून पुन्हा तिथंच जाता येत नाही, कारण हातातलं जीपीएसच तीन ते पाच मीटर चुकतं आणि कडा अर्ध्या मीटरात संपतो.

तक्त्यात रकाना एकच: 'खोली'. थाळीची आणि ओळंब्याची, अशा दोन खोल्या मागून पाहिल्या, नमुना बदलता येणार नाही असं उत्तर आलं. मग पाण्याचा साठा काढणारा एक तळ धरतो, गाळ उपसणारा दुसरा, आणि दोघांच्या हातात तोच कागद. तिसऱ्या जागेपुढं आम्ही 'अनिश्चित' लिहिलं होतं. फोन आला, "साहेब, सरासरी टाका की." आम्ही टाकली नाही. नकाशा छापून आला तेव्हा तिथं २.६ होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोन कायाक मीटरभर अंतरानं दोन आडव्या बांबूंनी जोडायच्या ठरल्यात, म्हणजे मधे उभं राहून चार मीटरचा खुणा केलेला बांबू सरळ खाली सोडता येईल. जागा जीपीएसवर न सोडता काठावरच्या दोन-दोन खुणांच्या दोन जोड्या ओळीत धरून पकडायची. एक जोडी तलावातल्या दगडी संध्यामठाच्या बाजूची, दुसरी अजून ठरायची आहे.