बारावा पडदा

शनिवार

युकुलेलेला, म्हणजे गिटारसारख्या छोट्या चार तारांच्या वाद्याला, आज एकदाच्या तारा चढल्या. वाद्याची पोकळ लाकडी पेटी किटमध्ये जोडूनच आली होती. मान चिकटवणं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी बसवणं, खुंट्या लावणं एवढंच माझ्याकडे. एवढ्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातला निम्मा वेळ पॉलिश पेपर घासण्यात गेला.

पहिली तार छेडली तर रबरबँडसारखा आवाज! तिचा ए सूर ४४० हर्ट्झवर आणला, मग बाकीच्या तीन तारांचे ई, सी, जी. जी लावून होईपर्यंत ए पार उतरलेला. नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस ताणतच राहतात. पुन्हा पहिल्यापासून.

सोमवार

तारा आता जरा ऐकायला लागल्यात. सकाळी लावलेला सूर संध्याकाळी थोडासाच उतरलेला असतो.

बुधवार

चारही मोकळ्या तारांवर सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध, तरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरली की कानाला आंबट लागतं. आधी बोटांवर संशय घेतला. मग मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावीवर, म्हणजे बाराव्या पडद्यावर, एकेक तार दाबून पाहिली. तिथे मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. चारही तारा चढ्या!

घोडी चुकली म्हणावं, तर तिचं माप मी तीनदा घेतलं होतं. वरच्या खाचांच्या पट्टीपासून बारावा पडदा १७३ मिलिमीटर, म्हणून घोडी बरोबर ३४६ वर. केसाचाही फरक नाही. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. पडद्यावर दाबताना तार किंचित ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. तो चढ मोडायला घोडी दुपटीपेक्षा थोडी मागे लागते. सूचनांच्या कागदावर ‘दोन मिलिमीटर मागे’ असं लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं होतं आणि छपाईची चूक समजून सोडून दिलं होतं!

१८७९ मध्ये मदेरा बेटावरून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज सुतारांनी हे वाद्य तिथे घडवायला सुरुवात केली. त्यांना ट्यूनर नव्हता की सूचनांचा कागद नव्हता. त्यांनी माझी घोडी पाहिली असती तर काय म्हटलं असतं, याचा विचार न केलेला बरा.

शनिवार

चिकटवलेली घोडी उखडायची हिंमत नाही. पण तिच्या खाचेतली पांढरी पट्टी सुटी असते, आणि ती तीन मिलिमीटर रुंद आहे. तार तिच्या मधोमध टेकत होती. पट्टी काढली, पुढची बाजू कानशीने उतरती केली, म्हणजे तार आता मागच्या कडेवर टेकते. दीड मिलिमीटरभर मिळाला. कानस चार वेळा फिरवायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. दुपार त्यातच गेली.

मग ट्यूनर बंद केला. ई तार पाचव्या पडद्यावर दाबली आणि मोकळ्या ए बरोबर वाजवली. दोन्हींचा सूर एकच असायला हवा. आधी वँव-वँव-वँव अशी लाट ऐकू आली. खुंटी अगदी जराशी फिरवली, लाट लांबली. अजून जराशी. वँऽऽव. मग लाट विरली आणि पेटीवर टेकवलेल्या हनुवटीला नुसता एक सलग थरार.

जी तार बाराव्यावर अजून केसभर चढी आहे. राहू दे. ए मात्र हे लिहीपर्यंत परत उतरलाय.