मोल्सवर्थ या आडनावाच्या मागावर

जुन्या मराठी कागदांचं काम करणाऱ्याच्या हाताशी एक जाडजूड पुस्तक असतंच. वाड्याच्या बांधकामाचा हिशेब असो की गावच्या वतनाचा तंटा, शब्द अडला की आम्ही एकमेकांना सांगतो, ‘मोल्सवर्थ काढून बघ.’ हा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली पहिल्यांदा छापला गेला आणि १८५७ साली वाढवून, साठ हजारांच्या घरातल्या शब्दांसह, पुन्हा निघाला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या मदतीला होते, आणि शब्द गोळा करून तपासणारे आपले शास्त्रीमंडळीही. पुढे बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप केला. आज मूळ कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो.

मी लिप्यंतराचं आणि भाषांतराचं काम करते, त्यामुळे हे नाव रोज तोंडात. पण ते माणसाचं आडनाव आहे, त्याला गाव असेल, भाऊबंद असतील, हा विचार मनात आला आणि मग तो सोडवेना. ज्या माणसाने आपल्या भाषेचा शब्दन् शब्द कुठून आला याची नोंद करायला आयुष्याची इतकी वर्षं दिली, त्याच्या नावाचा माग आपण काढू नये, हे मला बरं वाटेना. तो कसा काढला, कुठे अडलं, काय हाती लागलं, ते इथे लिहिते. ब्रिटनमधलं एखादं दुर्मीळ आडनाव शोधायचं असेल तर इतरांनाही याचा उपयोग होईल.

सुरुवातीला साध्या शोधयंत्रात नाव टाकलं, तर माणसं जवळजवळ दिसेनातच. दिसलं ते इंग्लंडमधलं एक हवाई तळ, जिथे १९८०च्या दशकात अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवण्याच्या योजनेविरुद्ध शांततावाद्यांनी तळ ठोकला होता. डब्लिनमधला रस्ता, वेलिंग्टनमधला रस्ता, ऑस्ट्रेलियातल्या वस्त्या, आणि न्यूझीलंडमधलं मोल्सवर्थ स्टेशन, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचं, त्या देशातलं सर्वांत मोठं गुरांचं कुरण. माणसं थोडी आणि ठिकाणं उदंड. हे कोडं आधी सोडवायला हवं होतं, आणि त्यासाठी मुळाशी जाणं भाग होतं.

मूळ सापडायला अवघड गेलं नाही. ब्रिटन-आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडांचा ऑक्सफर्ड कोश २०१६ साली निघाला आहे. स्थलनामांचे कोश तर त्याहून जुने. मोल्सवर्थ हे हंटिंग्डनशर या इंग्लंडमधल्या काउंटीतलं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागातलं, एक लहानसं खेडं. १९७४ पासून तो भाग केंब्रिजशरमध्ये मोडतो. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदीत, ते ‘मोल्सवर्द’ असं येतं. ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, आणि आधीचा भाग मूल नावाच्या कुणा सॅक्सन माणसाचा. हे नाव तेव्हा खरोखर चालत होतं: सातव्या शतकात केंटच्या गादीवर मूल नावाचा राजा थोडा काळ होता आणि ६८७ साली त्याला जाळून मारलं गेलं. आमच्या खेड्यातला मूल अर्थात दुसरा.

माझी भाची तिकडे इंग्लंडात पीटरबरोला असते. तिला म्हटलं, हंटिंग्डनला सरकारी दप्तरखाना आहे, एखाद्या शनिवारी बघून ये. ती खेड्यातही जाऊन आली. सेंट पीटरच्या जुन्या चर्चमध्ये भिंतीवर संत ख्रिस्तोफरचं मध्ययुगीन चित्र आहे, त्याचा फोटो पाठवला, आणि रात्री फोन केला.

‘मावशी, दप्तरखान्यातल्या बाई म्हणाल्या, या नावाचे लोक या गावात शोधू नका.’

‘मग कुठे शोधायचे?’

‘दोन-तीन गावं सोडून पलीकडे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण कशाला लावेल, म्हणाल्या.’

हे ऐकताच मला पटलं, कारण आपली ‘कर’ आडनावं अशीच आहेत. सगळं गाव नेवाशातलंच असेल तर एकट्याला नेवासकर म्हणून कोण ओळखेल? माणूस बाहेर पडला की मागचं गाव नावाला लागतं. इंग्लंडात हे तेराव्या-चौदाव्या शतकात घडलं आणि मग बापाचं नाव मुलाला लागून आडनाव स्थिर झालं. यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती महत्त्वाची आहे. त्या खेड्यातून वेगवेगळ्या काळात बाहेर पडलेल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या माणसांनाही तेच नाव लागू शकतं. म्हणून नाव दुर्मीळ आहे एवढ्यावरून सगळे मोल्सवर्थ एका रक्ताचे ठरत नाहीत.

त्यानंतरचं काम नोंदींचं. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची स्वयंसेवकांनी फ्रीबीएमडी नावाच्या संकेतस्थळावर टाकली आहे. घरबसल्या, पैसे न भरता बघता येते. १८३७च्या आधीसाठी चर्चच्या वह्या. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने त्या १५३८ साली ठेवायला लावल्या. स्कॉटलंडची सरकारी नोंदणी १८५५ पासून आणि आयर्लंडची पूर्ण नोंदणी १८६४ पासून, त्यामुळे तिन्ही देशांच्या नोंदी एकाच मापाने मोजता येत नाहीत.

पहिला अडथळा आला जिल्ह्यांचा. खेडं हंटिंग्डनशरमध्ये, पण तिथल्या जन्ममृत्यूची नोंद थ्रॅपस्टन नोंदणी जिल्ह्यात, आणि थ्रॅपस्टन शेजारच्या नॉर्थॅम्प्टनशरमध्ये. हे जिल्हे गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांच्या) गटांवर बेतलेले होते, काउंटीच्या हद्दीवर नाही. नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय या सूचीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा अडथळा अक्षरांचा. नाव सांगणाऱ्याला लिहिता येत नसे, लिहून घेणारा कानाला येईल तसं लिही, आणि दीडशे वर्षांनी ते वाचून टंकित करणारा आपल्या डोळ्याला दिसेल तसं. मी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह आणि तारांकित खूण घालून शोध घेतला. स्वर सोडून व्यंजनांची चौकट तेवढी पक्की ठेवली. पण त्यात धोकाही आहे. लँकाशरला लागून असलेल्या चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं अगदी वेगळं गाव आहे. तिथून निघालेल्या माणसाचं नाव एखाद्या कारकुनाच्या हातून ‘ड’ गळून मोल्सवर्थ होणं सहज शक्य. म्हणून उत्तरेकडची प्रत्येक नोंद मी वेगळ्या पानावर ठेवली आणि तिच्या मागच्या दोन पिढ्या सापडल्याशिवाय मुख्य यादीत घेतली नाही. मोडी वाचणाऱ्याला या प्रकारची सवय असते. एक काना इकडचा तिकडे झाला की घराणं बदलतं.

भौगोलिक पसारा बघायला १८८१ची जनगणना सगळ्यांत सोयीची. ३ एप्रिल १८८१च्या रात्री कोण कुठल्या घरात होतं याची ही नोंद स्वयंसेवकांनी पूर्ण उतरवून काढली आहे आणि फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. इथे एक पथ्य पाळावं लागतं. नुसती डोकी मोजली तर लँकाशर नेहमीच पुढे दिसेल, कारण तेव्हा तिथे सुमारे ३४ लाख लोक होते आणि हंटिंग्डनशरमध्ये ६० हजारांच्या आत. समजा दोन्हीकडे एका नावाचे वीस-वीस लोक असले, तर हंटिंग्डनशरमध्ये लाखामागे तेहतीसच्या आसपास भरतात आणि लँकाशरमध्ये एकसुद्धा भरत नाही. नकाशा रंगवायचा तो या प्रमाणावर. दुर्मीळ आडनावाचं माहेर अशाच नकाशात दिसतं, आकड्यांच्या यादीत नाही. १९२१ची जनगणनाही आता खुली आहे, पण पैसे भरून. १९३१ची १९४२ साली आगीत गेली, १९४१ची युद्धामुळे झालीच नाही; त्या पोकळीत सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच केलेली रहिवाशांची नोंदवही कामी येते.

हे सगळं चालू असताना मोठ्या घराण्यांकडे मी मुद्दाम उशिरा वळले. सरदार-उमरावांच्या वंशावळी छापील मिळतात, चटकन हाती लागतात, आणि शोधणारा त्यांतच अडकतो. त्या वंशावळी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळातल्या वॉल्टर द मोल्सवर्थपर्यंत जातात. मधल्या पिढ्यांसाठी मात्र मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद बघावेत, नुसत्या छापील वंशवृक्षावर विसंबू नये.

तरीही ठिकाणांचं कोडं याच घराण्यांनी सोडवलं. खेड्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर नॉर्थॅम्प्टनशरमध्ये फॉदरिंगे आहे, जिथे स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला. तिथल्या मोल्सवर्थांपैकी एक रॉबर्ट सतराव्या शतकाच्या मध्यात डब्लिनला गेला आणि ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजेला रसद पुरवून श्रीमंत झाला. त्याचा मुलगा रॉबर्ट डेन्मार्कमध्ये राजदूत होता आणि १७१६ साली त्याला व्हायकाउंट हा उमरावाचा किताब मिळाला. डब्लिनचा रस्ता या घराण्याचा. दुसरी शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात कॉर्नवॉलला गेली, कारण जॉन मोल्सवर्थ तिथल्या डचीचा, म्हणजे राजघराण्याच्या जहागिरीचा, हिशेबतपासनीस होता. बॉडमिनजवळचा पेन्कॅरो वाडा त्यांचा, आणि वेडब्रिज गावाच्या मुख्य रस्त्यालाही त्यांचंच नाव. याच घराण्यातले सर विल्यम मोल्सवर्थ न्यूझीलंड कंपनीचे संचालक होते आणि १८५५ साली वसाहतमंत्री झाले. त्यांच्या नावाने वेलिंग्टनमधला रस्ता ओळखला जातो. आज तिथे संसद आहे.

म्हणजे ही ठिकाणं माणसांच्या स्थलांतराने पसरलेली नाहीत. कुणा मंत्र्याच्या सन्मानार्थ नकाशावर नाव चढलं, तिथे त्या आडनावाचं कुटुंब राहायला गेलेलंच असेल असं नाही. आडनावाच्या पसाऱ्यात रस्ते आणि गावं धरायची नाहीत, हा नियम मी तिथून पुढे कटाक्षाने पाळला.

जमैकाची गोष्ट त्याहून गंभीर. कॉर्नवॉल शाखेतला हेंडर मोल्सवर्थ १६८०च्या दशकात तिथे राज्यकारभार पाहत होता, १६८९ साली बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळवला, आणि त्याआधी तो रॉयल आफ्रिकन कंपनीचा गुमास्ता होता. ती कंपनी आफ्रिकेतून पकडलेली माणसं आणून गुलाम म्हणून विकत असे. कॅरिबियन बेटांवर ज्यांच्या पूर्वजांना मालकांची आडनावं लावली गेली अशी लाखो कुटुंबं आहेत. तिथल्या नोंदीत एखादं इंग्रजी आडनाव भेटलं की ‘शाखा पसरली’ असं लिहून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. ती नावं माझ्या वहीत स्वतंत्र आहेत आणि त्यांच्या वर वंशवृक्षाची रेघ नाही.

आयर्लंडमध्ये हात टेकायची वेळ आली. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना जळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि चर्चच्या कितीतरी वह्या त्यात गेल्या. उरलं ते १९०१ आणि १९११च्या जनगणना, आणि १८४७ ते १८६४ या काळातली ग्रिफिथची जमिनी-घरांची करासाठी केलेली आकारणी, जी कुळांची नावं देते. एवढ्याशा आधारावर शंभर वर्षांची उडी मारावी लागते. आपल्याकडे पुण्याच्या दप्तरातले पेशव्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, शाबूत आहेत, याचं मोल मला या आगीबद्दल वाचताना नव्याने कळलं.

भारताशी असलेला धागा अर्थात माझ्या मनाच्या सर्वांत जवळचा. हे नाव इथे कोशकाराने एकट्यानेच आणलेलं नाही. लँकाशरमधल्या रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू, जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ यांचा मुलगा गिलफर्ड आधी सिलोनला रेल्वेच्या कामावर आला आणि नंतर भारत सरकारचा रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाला. अभियांत्रिकी सूत्रांची त्याची १८६२ सालची खिशात मावणारी पुस्तिका अभियंत्यांच्या पिढ्यांनी वापरली. एका दुर्मीळ आडनावाची दोन माणसं, आणि दोघांचीही नावं पुस्तकांनाच चिकटली!

कंपनीच्या नोकरांचा शोध घ्यायचा तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. कॅडेट म्हणून भरती होताना मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागे, त्यामुळे मूळ पॅरिश त्या अर्जातच मिळतं; इंग्लंडभर वह्या धुंडाळाव्या लागत नाहीत. ही युक्ती मला फार उशिरा कळली. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनांच्या नकला ‘एन/३’ या मालिकेत आहेत, १७०९ पासून. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेने त्यांतल्या बऱ्याच नोंदी शोधता येतील अशा केल्या आहेत.

सध्या मी त्याच मालिकेत आहे. अधिकाऱ्यांची नावं याद्यांमध्ये सहज मिळतात. मला हवे आहेत ते शिपाई, कारागीर, इथे जन्मून इथेच गेलेली मुलं, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका. बायकांसाठी प्रत्येक विवाहाच्या नोंदीत वधूचा रकाना वेगळा वाचावा लागतो, तो वाचते आहे.