कोपर्निकस बघायचं तर दशमीला

कोजागिरीला नाशिकमध्ये गच्चीगच्चीवर दूध आटत असतं, आणि एखाद्या गच्चीवर दुर्बीणही लागते. पण चंद्रावरच्या विवरांचा आकार बघायला पौर्णिमेइतका वाईट दिवस नाही. सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि सावलीशिवाय खोली कळत नाही. ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस हे विवर त्या रात्री नुसता पांढरा डाग दिसतं. ते विवर घडवणाऱ्या अशनीच्या आघाताने दूरवर उडालेल्या मालाचे पट्टे तेवढे उठून दिसतात.

दिवस निवडायला पंचांग पुरेसं आहे. एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. शुद्ध अष्टमीच्या मध्यावर उजेडाची सीमा चंद्रबिंबाच्या मधोमध असते, पुढे दर तिथीला ती साधारण १२ अंश पश्चिमेला सरकते. या सीमेजवळ सावल्या लांब पडतात आणि कोपर्निकस २० अंश पश्चिमेला आहे, म्हणून दशमी. फक्त कॅलेंडरच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापलेली असते. नवमी दुपारी संपत असेल तर दशमी त्याच संध्याकाळी गाठायची. समाप्तीची वेळ बघितल्याशिवाय दुर्बीण काढू नका.

कड्यापासून तळापर्यंत खोली सुमारे ३.८ किलोमीटर. तिथे सूर्य ५ अंश वर आला की पूर्वेच्या कड्याची सावली ४३ किलोमीटर पडते, म्हणजे जवळजवळ मध्यशिखरांपर्यंत. सूर्य तासाला अर्धा अंश चढतो. म्हणून त्याआधी दोनच तास, ४ अंशांवर, हीच सावली ५४ किलोमीटर असते. आठला एकदा आणि दहाला एकदा बघा, सावली मागे सरकलेली डोळ्यांना कळते.

आता भिंतीकडे या. आतून उतरत गेलेल्या पायऱ्या बघून आपल्याला अंजनेरी, ब्रह्मगिरी आठवतात, पण हे साम्य फसवं आहे. आपल्या डोंगरांच्या पायऱ्या लाव्ह्याच्या थरांच्या, झिजून उघड्या पडलेल्या. कोपर्निकसच्या पायऱ्या कोसळलेल्या कड्याच्या आहेत. आघातानंतरचा खड्डा इतका मोठा होता की बाजूंना स्वतःचं वजन पेललं नाही, आणि लांबच लांब ढलप्या आत घसरल्या. त्याच वेळी दाबला गेलेला तळ उसळून वर आला. मधली शिखरं ती हीच. त्यांच्यात सापडलेलं ऑलिव्हिन हे खनिज खोलवरून आलेलं आहे.

चंद्रावर साधारण १५ ते २० किलोमीटरच्या आतली विवरं अशी कोसळत नाहीत, वाटीसारखीच राहतात. आपलं लोणारही वाटीच, बेसॉल्टमधली, १.८ किलोमीटरची. ते चंद्रावर असतं तर चार इंची दुर्बिणीला जेमतेमच जाणवलं असतं, कारण तिला वेगळं दिसू शकणाऱ्या आकाराची मर्यादा तिथे दोन किलोमीटरच्या थोडी वर आहे.

माघ-फाल्गुनात दशमीचा चंद्र संध्याकाळी जवळपास डोक्यावर येतो, हवेचा थर कमी आडवा येतो. पण उन्हाने तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता सोडत राहतो आणि प्रतिमा उकळल्यासारखी हलते. दुर्बीण मातीच्या अंगणात मांडा, पाऊण तास निवू द्या, मग १०० ते १५० पट मोठं करून बघा. खड्डे उंचवट्यांसारखे भासू लागले तर उजेड कुठल्या बाजूने येतोय ते आधी नक्की करा. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत, प्रतिमा उलटी असते.

हवा स्थिर झाली की नजर कड्याबाहेर, इरॅटोस्थेनिस या शेजारच्या विवराच्या दिशेला न्या. स्टेडियस नावाच्या बुजलेल्या विवराजवळ बारीक खळग्यांच्या माळा आहेत. कोपर्निकसमधून उडालेले दगड तिथे पुन्हा आदळले होते.