दरवाढीचा मेल येण्याआधी

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअरचा खर्च बघायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तो पूर्ण खर्च कोणीच बघत नव्हतं. ईमेल आणि ऑफिसचं पॅकेज आयटीकडे, ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर विक्री विभागाकडे, डिझाइनचं मार्केटिंगच्या कार्डावर, हिशेबाचं आमच्या अकाउंट्सकडे. एकेक बिल वेगळं पाहिलं तर किरकोळ वाटायचं. सगळी बिलं एका शीटवर घेतली, तेव्हा पगार आणि भाड्याच्या खालोखाल हाच आकडा आला.

आणि तो वाढत जाणार हे उघड होतं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ पासून ३६५ या आपल्या ईमेल-ऑफिसच्या व्यावसायिक पॅकेजचे दर वाढवले. बिझनेस बेसिक माणशी महिना ५ डॉलरवरून ६ वर गेलं, बिझनेस प्रीमियम २० वरून २२ वर. ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सेल्सफोर्सने ऑगस्ट २०२३ मध्ये सरासरी ९ टक्के वाढ केली. गूगलने जानेवारी २०२५ मध्ये जेमिनी या एआय सहाय्यकाच्या सोयी वर्कस्पेस या ईमेल-ऑफिसच्या बिझनेस पॅकेजमध्येच घातल्या आणि दर वर नेले, म्हणजे त्या सोयी हव्यात की नकोत हा प्रश्नच राहिला नाही. ५ चे ६ झाले की ‘एकच डॉलर’ असं वाटतं, पण ती २० टक्के वाढ असते. दरवाढ थांबवणं आपल्या हातात नाही, हे मी सुरुवातीलाच मान्य केलं. आपल्या हातात असते ती तयारी, आणि तिला वेळ लागतो.

म्हणून पहिलं काम तारखांचं. प्रत्येक करार उघडून तीन गोष्टी लिहून काढल्या: मुदत कधी संपते, करार आपोआप पुढे चालू होतो का, आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं. यातली तिसरी तारीख खरी महत्त्वाची. काही करारांत ती ३० दिवस असते, काहींत ६० किंवा ९०. मुदत डिसेंबरअखेर संपणार असेल आणि नोटीस ९० दिवसांची असेल, तर बोलायची वेळ ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपलेली असते. त्यामुळे कॅलेंडरवर मी मुदतीची तारीख न टाकता नोटिशीच्याही दोन महिने आधीची तारीख टाकली. शिवाय दरवाढीच्या सूचना ज्या पत्त्यावर येतात तो एका व्यक्तीचा न ठेवता बिलिंगचा सामाईक पत्ता केला. माणसं नोकरी बदलतात, सूचना मात्र जुन्याच इनबॉक्समध्ये येत राहतात.

मग लायसन्स, म्हणजे माणशी घेतलेले वापरण्याचे परवाने, मोजायला बसले. हे काम मी आयटीच्या सहकाऱ्यासोबत केलं आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते यानेच. ॲडमिनच्या पानावरून वापरकर्त्यांची यादी काढली आणि ‘शेवटचं लॉगिन’ या रकान्यानुसार लावली. वरच्या काही ओळींत तो रकाना कोराच होता, म्हणजे लायसन्स दिलं पण कोणी कधी उघडलंच नाही. त्याखाली कंपनी सोडून गेलेल्यांची नावं. त्यांचे मेल जपायचे म्हणून लायसन्स चालू ठेवलेली होती. मायक्रोसॉफ्टमध्ये अशी मेलबॉक्स शेअर्ड, म्हणजे सामाईक, करून टाकली तर ५० जीबीपर्यंत तिला लायसन्स लागतच नाही. त्याच यादीत ‘स्कॅनर’ नावाचं एक खातं होतं. ऑफिसातलं मशीन स्कॅन केलेले कागद मेलवर पाठवतं, तेवढ्यासाठी त्याला माणसाइतकंच पूर्ण लायसन्स होतं.

मात्र लॉगिन नाही म्हणून सरसकट नाव उडवायचं नाही, हेही तिथेच ठरवलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं एक खातं वर्षभर शांत असतं आणि ऑडिटच्या दिवसांत रोज लागतं. म्हणून प्रत्येक विभागप्रमुखांकडे त्यांच्या माणसांची यादी घेऊन गेले आणि एकच विचारलं, ‘हे उद्या बंद झालं तर कोणतं काम अडेल?’ ‘लागतं का?’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी ‘लागतं’ म्हटलं असतं. काम कोणतं ते सांगायचं म्हटल्यावर निम्म्या वेळा लोक स्वतःच म्हणाले, ‘याला साधं पॅकेज पुरेल.’

ही मोजणी मुदत संपण्याआधीच व्हायला हवी, कारण वार्षिक करारात लायसन्स वाढवता कधीही येतात, कमी मात्र बहुतेक वेळा फक्त नूतनीकरणाच्या वेळीच करता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या पद्धतीत करार सुरू झाल्यापासून सात दिवस गेले की वर्षभर आकडा खाली येत नाही. दर महिन्याला मोकळा होणारा करार घेता येतो, पण तो वार्षिक दरापेक्षा २० टक्के महाग पडतो. करार वर्षाचा आणि पैसे दरमहा, असं केलं तर एप्रिल २०२५ पासून त्यावरही ५ टक्के जास्त लागतात. यातून एक सोपा हिशेब निघाला. वर्षाचे १२ भाग धरले तर महिनेवारी दराने दरमहा १.२ भाग जातात, म्हणजे दहा महिन्यांना दोन्ही खर्च सारखे. दहा महिन्यांहून कमी काळ राहणाऱ्या हंगामी माणसांना महिनेवारी लायसन्स आणि कायमच्यांना वार्षिक, तेही एकरकमी. सगळ्यांना एकच प्रकार देण्याची पद्धत आम्ही बंद केली.

खरी चिंता ग्राहकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरची होती. तिथल्या ऑर्डर फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: नूतनीकरण त्या वेळच्या लिस्ट प्राइसने होईल. लिस्ट प्राइस म्हणजे सूट न धरता जाहीर केलेला दर. आम्हाला पहिल्या वर्षी चांगली सूट मिळाली होती, त्यामुळे ते वाक्य कोणाला टोचलं नव्हतं. पण त्याचा अर्थ हिशेबात मांडला की धडकी भरते. समजा लिस्ट प्राइस १००, सूट २० टक्के, म्हणजे आपण भरतो ८०. लिस्ट प्राइस ९ टक्के वाढली तर १०९. सूट गेली की आपल्यासाठी ८० चे थेट १०९, म्हणजे ३६ टक्क्यांहून जास्त वाढ. जाहीर झालेला आकडा ९ च राहतो. संचालकांना मी हाच हिशेब एका कागदावर लिहून दाखवला आणि बजेटमध्ये दोन आकडे धरायला सांगितले, एक सूट टिकली तरचा आणि एक गेली तरचा. ते म्हणाले, ‘मग दुसरं सॉफ्टवेअर बघा ना.’

ते बघितलंही, आणि गंभीरपणे बघितलं. नुसती धमकी म्हणून पर्याय शोधला तर समोरच्याला ते लगेच कळतं. आम्ही आधी आमचा सगळा डेटा बाहेर काढून पाहिला. ग्राहकांची नावं, पत्ते, व्यवहार हे सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, व्यवस्थित आलं. जोडलेल्या फाइल्स वेगळ्या आल्या आणि त्यांची नावं सांकेतिक आकड्यांत होती, त्या पुन्हा कोणत्या ग्राहकाच्या हे जुळवावं लागलं. संभाषणाच्या नोंदी आल्या, पण कोणी लिहिल्या ते आलं नाही. आणि आपोआप जाणाऱ्या मेलचे नियम, मंजुरीच्या पायऱ्या यातलं काहीच बाहेर येत नाही, ते नव्याने बांधावं लागतं. विक्रीच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आठवडाभर खऱ्या नोंदी भरून पाहिल्या. जमतं, पण बदलायला काही महिन्यांची मेहनत आहे, असं त्यांचं मत पडलं. मला ते मत आकड्यांइतकंच मोलाचं वाटलं, कारण बदलाचा त्रास त्यांनाच होणार होता.

मग विक्रेत्याच्या प्रतिनिधीशी बोलणं केलं. त्यांच्या आर्थिक वर्षाची अखेर कधी ते आधी पाहून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टचं वर्ष ३० जूनला संपतं, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला, तशी प्रत्येकाची तारीख असते आणि त्या आसपास त्यांना सही हवी असते. प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, ही सूट महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवता येईल.’ मी म्हणाले, ‘सर, आमची नोटिशीची तारीख त्यानंतर आहे. आम्ही घाईत नाही.’ हे म्हणता आलं ते केवळ कॅलेंडरमुळे.

मी सूट वाढवून मागितली नाही. मागितल्या त्या तीन गोष्टी: प्रत्यक्ष वापरातल्या माणसांइतकीच लायसन्स, पुढच्या नूतनीकरणात वाढ किती टक्क्यांपलीकडे जाणार नाही याची लेखी मर्यादा, आणि ती मर्यादा लिस्ट प्राइसवर न धरता आम्ही भरत असलेल्या दरावर. तिसऱ्या मागणीवर ते बराच वेळ अडले. तीन वर्षांचा करार करत असाल तर देऊ, असं उत्तर आलं. तीन वर्षं मला जास्त वाटली, कारण आमच्या माणसांची संख्या तेवढा काळ स्थिर राहील याची खात्री नव्हती. दोन वर्षांवर जमलं, आणि पहिल्या वर्षाअखेर काही लायसन्स कमी करण्याची मुभाही मिळाली. सगळं ऑर्डर फॉर्मवर लिहून घेतलं. मेलमधलं आश्वासन प्रतिनिधी बदलला की टिकत नाही.

दर वाढलाच. पण लायसन्स कमी केल्यामुळे एकूण बिल जवळपास पूर्वीच्याच जागी राहिलं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं मात्र अजून बाकी आहे. तिथे करार वर्षाचा, पैसे दरमहा आणि मध्येच सोडलं तर दंड, असा प्रकार आहे. मार्केटिंगच्या मंडळींकडून कोण रोज वापरतं आणि कोण फक्त फाइल उघडून बघतं याची यादी मागवली आहे. नोटिशीची तारीख यायला अजून वेळ आहे.