आधी झोप, मग धीर

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि नंतर बराच काळ ते अंथरुणाला खिळून होते. आता काठी धरून हिंडतात. पण कुणाच्या घरी मोठं दुखणं निघालं की मला हटकून विचारणा होते, "तुम्ही एवढ्या खंबीर कशा राहिलात हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते. विचारणाऱ्याच्या मनात ध्यान, जप, एखादं सुवचन असं काहीतरी असतं. मी सांगते, "झोपले." मग समोरच्याचा थोडा हिरमोड होतो.

आमची रात्र कशी असायची ते सांगते. स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाची साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, कातडी आधी लाल होते आणि मग जखम पडते. म्हणून गजर लावून उठायचं. त्यांचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे घालून वळवायचं, पाठीशी उशी सरकवायची, टाच गादीला टेकत नाही ना ते बघायचं. मग उशाच्या वहीत लिहायचं : रात्री 2, डावी कूस. हे सगळं करून आडवं व्हावं, तर डोळा लागेपर्यंत पुढचा गजर.

त्या दोनच्या गजराला एक विचार ठरलेला असायचा, हे आता कायमचंच. झोप झालेल्या सकाळी तोच विचार यायचा, पण तितका खरा वाटायचा नाही. परिस्थिती तसूभरही बदललेली नसायची. माझ्या लक्षात आलं की मन घट्ट करायच्या गोष्टी नंतर, आधी रात्र वाटून घ्यायला हवी. प्रौढ माणसाला किमान 7 तास झोप लागते म्हणतात. मला ती सलग मिळाली नाही, दोन तुकड्यांत मिळाली, पण मिळाली.

शरीर हिशोब ठेवतंच. 1995 साली अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या बायकांच्या हातावर बारीकशी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. इतर बायकांपेक्षा यांना सरासरी 9 दिवस जास्त लागले. हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटलं. म्हणजे थकवा हा आपला नाजूकपणा नव्हे!

रात्र वाटायची म्हणजे मागावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. "वहिनी, काही लागलं तर सांगा हं," असं प्रत्येक जण म्हणतो. मनापासून म्हणतो, पण त्यातून काही निघत नाही. मी धाकट्या दिरांना म्हटलं, "भाऊजी, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री 10 ते 4 तुम्ही बसाल का?" वार आणि वेळ सांगितली की माणसं येतात. ज्यांना जमत नाही ते तसं स्पष्ट सांगतात, तेही बरं असतं.

राहिला राग. आजाऱ्याचाच राग येतो, हे कुणी बोलत नाही. मला यायचा. पाण्याचा पेला तिसऱ्यांदा सांडला की यायचा, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची. "सकारात्मक राहा" म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त यायचा, ते असो. मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहायला लागले : आज राग आला, अमुक कारणाने. सजवून नाही, कुणाला दाखवायलाही नाही. पुढे कळलं की मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली विद्यार्थ्यांना 4 दिवस रोज 15 मिनिटं मनावरच्या आघातांविषयी लिहायला लावलं होतं. भावनांसकट लिहिणाऱ्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. माझ्याबाबतीत निदान एवढं व्हायचं की वहीत ओतलेला राग ह्यांच्यावर निघायचा नाही.

व्यायामाचं म्हणाल तर जिना. संध्याकाळी कुणी बसायला आलं की खाली-वर, धाप लागेपर्यंत. यापेक्षा जास्त मला जमलं नाही आणि ते मी मनाला लावूनही घेतलं नाही.

मात्र हे सगळं पुरत नाही अशीही वेळ येते. संधी मिळूनही झोप येत नाही, कशातच रस वाटत नाही, असं दोन आठवडे रोजच चाललं असेल, तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा. "आपणच नसतो तर बरं झालं असतं" असा विचार डोकावला, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांनाच बरोबर घेऊन जा. आजाऱ्याच्या तपासणीला जाल तेव्हा तुमच्याबद्दलही विचारा. आमच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब तपासला तो मी म्हटल्यावरच, आणि मलाही गोळी सुरू झाली.