विसाव्या प्रिंटपासूनचं धुकं

तीस प्रिंट्सची एडिशन. तांब्याची प्लेट, घाटातली सकाळ, आणि वरच्या निम्म्या भागात नुसतं धुकं. एकही रेघ नाही, सगळं अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे राळेच्या कणांमधलं तांबं रसायनानं खाऊन आणलेली छटा. पेटीत राळेची पूड उडवली, जाड कण आधी बसू दिले आणि मग प्लेट आत सरकवली. खालून आच दिली. कण काचेसारखे चमकले की थांबायचं. जरा उशीर झाला तर राळ वितळून एकजीव होते आणि तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडला शिरायला फटच उरत नाही. धुक्याला फेरिकमध्ये पंधरा सेकंद दिले. लगेच त्यावर वॉर्निश, म्हणजे तिथं आणखी खाल्लं जात नाही; पुढची मिनिटं डोंगरांची. इतका उथळ टोन मी क्वचितच साधलाय. पहिलं प्रूफ निघालं तेव्हा अर्धा स्टुडिओ बघायला आला होता.

पण उथळ टोन टिकत नाही. टार्लटनच्या, म्हणजे शाई पुसायच्या जाळीदार कापडाच्या, घासण्यानं, प्रेसच्या दाबानं तो झिजतो. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘कॅप्रिचोस’ या चित्रमालिकेच्या प्लेट्सवरून 1799 ते 1937 पर्यंत बारा आवृत्त्या निघाल्या, पहिलीतले राखाडी नंतरच्यांत विरत गेले. तांब्यावर विजेनं लोखंडाचा पातळ थर चढवला तर प्लेट टिकते. ज्यांची ही एडिशन त्या सरांना मी सुचवलं होतं. खर्च नको म्हणाले. फ्रेमा मात्र सागवानी.

विसाव्या प्रिंटला धुक्याच्या जागी कोरा कागद आला. सरांना फोन केला.

“अगं, शाई जरा राखून पूस. कुणाला कळणारे?”

राखून पुसली. कडेला टार्लटन, मध्ये तळहात, तोही अगदी हलका. अशा अकरा काढल्या. पहिल्या दोन-तीन जिवावर आल्या, मग हात बसला आणि खरं सांगायचं तर मजा यायला लागली. वाळल्यावर सरांनी हाताला येतील तसे नंबर टाकले. छापल्याचा क्रम कोण पाळतं? गिऱ्हाईक मात्र लहान आकड्यासाठी हटून बसतं.

भिंगातून पाहिलं तर कळतं. अ‍ॅक्वाटिंटमध्ये राळेचा कण जिथं होता तिथं कागदाचा पांढरा ठिपका राहतो. पुसताना मागे ठेवलेल्या शाईत ठिपका नसतो, सपाट पापुद्रा असतो.

प्रदर्शनाला गेले. भिंतीवर 3/30 होतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून भिंग काढलं. ठिपके नव्हते. फ्रेमखाली विकल्याची लाल टिकली लागली होती.