खर्चाचा आढावा आणि माहितीची किंमत

एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत माझी तीसेक वर्षे गेली आणि त्या काळात खर्चाचा आढावा म्हणजे तरतूद, झालेला खर्च आणि टक्केवारी हे तीन रकाने, एवढेच मी जाणत होतो. फेब्रुवारीत टक्केवारी कमी दिसली की मार्चअखेर निधी व्यपगत होईल, म्हणजे न वापरलेला पैसा हातचा जाईल, या धास्तीने बिलांची धावपळ सुरू होई आणि उपयोगिता प्रमाणपत्र रवाना झाले की आढावा संपे. तोच पैसा दुसरीकडे लावला असता तर काय झाले असते, हे कोणी विचारत नसे.

हा प्रश्न आकड्यांत विचारण्याची रीत म्हणजे निर्णय-विश्लेषण. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी हे नाव १९६६ मध्ये पुढे आणले. आम्हा इंदूरकरांना घरचे उदाहरण नर्मदेचे. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, माळव्याच्या पठारावर चढवून पाणी येते, त्यामुळे प्रत्येक हंड्यामागे विजेचे बिल आहे. जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले, ते याचसाठी.

आता समजा (आकडे केवळ हिशेबापुरते), वाढत्या मागणीसाठी नवी वाहिनी टाकायला १०० कोटी लागतात आणि गळती दुरुस्तीला ४०. गळती मोठी असेल तर दुरुस्तीने भागेल. किरकोळ असेल तर ४० कोटी वाया जाऊन वर १०० घालावे लागतील. शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर आधी दुरुस्ती करण्याचा सरासरी खर्च ९० कोटी येतो. पण आधी मीटर लावून गळती मोजली, तर ४० तरी लागतील किंवा १०० तरी, म्हणजे सरासरी ७०. तेव्हा अचूक मोजणीवर २० कोटींपर्यंत खर्च करणेही परवडते. आमच्याकडे मात्र पाहणीचे लाख-दोन लाखच ‘अनुत्पादक’ म्हणून सर्वांत आधी कापले जात आणि ते कापणाऱ्यांत मीही होतो.

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रत्येक नव्या योजनेला समाप्तीची तारीख देण्याचे जाहीर झाले. ते योग्यच, परंतु त्या दिवशी कोणते पर्याय तोलायचे हे आधी ठरलेले नसेल, तर मुदतवाढीचीच टिप्पणी तयार होते.

म्हणून आढाव्याच्या तक्त्यात चौथा रकाना असावा असे मला वाटते: ‘कोणती माहिती मिळाली असती तर हा निर्णय बदलला असता?’ परवा एका जुन्या सहकाऱ्याला हे सांगितले. तो हसून म्हणाला, “साहेब, सगळी कार्यालये तिथे ‘निरंक’ लिहून पाठवतील.”